टनेलचं झाकण आणि कावेरक्काच्या बांगड्या

कावेरीबाई शिंदे, आमची कावेरक्का, हिच्यावर अन्याय झाला. यंदाच्या उगादीच्या, म्हणजे पाडव्याच्या, दुसऱ्या दिवशी, पहिल्या पाळीत, चहाची घंटा व्हायच्या आत. जागा: बेंगळूरला हेब्बाळच्या पुढे येलहंक्याच्या रस्त्याला असलेला आमचा रेडिओ व्हॉल्व्हचा कारखाना, सीलिंग खातं. आरोप: हातात बांगड्या घालून काम केलं आणि माल फोडला. शिक्षा: चौकशी होईपर्यंत सस्पेंड. तिला सातवा महिना होता.

हे मी आधीच लिहून टाकते, कारण पुढे मी एका ऑफिसरचं कौतुक करणार आहे आणि ते वाचून आमच्या युनियनच्या काही लोकांना ठसका लागणार आहे. लागू दे. पण अन्याय कुणावर झाला, ते आधी ठरलेलं बरं.

मी त्याच कारखान्यात इन्स्पेक्शनला आहे. फिजिक्स घेऊन बी.एस्सी. केलं. युनियनची पत्रकं मीच लिहिते, कानडीत आणि इंग्रजीत. मराठी आमच्या घरात. पत्रकांचा हात पडल्यामुळे माझं मराठीही जरा फटकळ झालं आहे, सांभाळून घ्या.

व्हॉल्व्ह म्हणजे काय ते आधी सांगते. तुमच्या रेडिओचं मागचं पुठ्ठ्याचं झाकण काढलंत तर आत छोट्या काचेच्या बाटल्या दिसतील, रेडिओ लावला की आतून लालसर उजळणाऱ्या. तो व्हॉल्व्ह. या बाटलीत हवा नसते. जराही शिरली की व्हॉल्व्ह मेला. मेलेला ओळखायला मोठी विद्या लागत नाही. बाटलीच्या टोकाला आतून आरशासारखा चंदेरी डाग असतो. हवा आत गेली की तो दुधासारखा पांढरा पडतो. माझं टेबल म्हणजे हे डाग बघायची जागा.

सीलिंग खात्यात बायका काम करतात. व्हॉल्व्हचा तळ म्हणजे तारा बाहेर काढलेली एक काचेची चकती. ती चकती आणि वरची बाटली मशीनवर बसवायची. मशीन दोन्हींना गोल फिरवत गॅसच्या ज्वाळांतून नेतं. काच वितळते, जोड बसतो. इथपर्यंत सोपं.

बाहेरच्या लोकांना वाटतं, कारखान्यात तापवणं अवघड. काही नाही. गॅसचा नळ सोडला की तापलं. अवघड आहे ते निववणं. कंदिलाच्या तापलेल्या काचेवर पाण्याचा थेंब उडाला तर काय होतं, हे प्रत्येक घरात माहीत आहे. तडकते. का तडकते? वरची काच आधी थंड होऊन घट्ट बसते, आतली अजून गरम असते. मग आतली निवायला लागते, आकसायला बघते, तर वरची तिला हलू देत नाही. दोघी एकमेकींना ओढत राहतात. ही ओढाताण काचेत तशीच गोठून जाते. त्याला आम्ही स्ट्रेन म्हणतो. डोळ्यांना काही दिसत नाही. व्हॉल्व्ह छान दिसतो, पास होतो, फळीवर जातो. आणि दुसऱ्या दिवशी, कुणी हातही लावलेला नसताना, टच्.

म्हणून सीलिंग मशीनवरून निघालेले व्हॉल्व्ह साखळीवरून एका लांब बंद भट्टीत जातात. तिचं तोंड चांगलं तापलेलं असतं, पुढे पुढे ऊब कमी होत जाते आणि शेवटच्या टोकाला काच कोमट होऊन बाहेर पडते. खात्यात तिला सगळे टनेल म्हणतात. मशीन आणि टनेलचं तोंड यांच्यात हातभर अंतर आहे. तापलेली काच साखळीवरून तेवढं अंतर पार करते आणि आत शिरते.

आमच्याकडे म्हणतात, शिवरात्रीला थंडी ‘शिव शिव’ करत पळून जाते. यंदाही पळाली. आणि त्याच सुमाराला माझ्या टेबलावर पांढऱ्या डागांचे ट्रे येऊ लागले. आधी एखादा, मग रोज, मग इतके की मला ठेवायला जागा पुरेना.

गोष्ट साधी नव्हती. चीनची लढाई थांबून दीड वर्ष झालं, पण आणीबाणी उठलेली नाही आणि आमचा बराच माल फौजेच्या वायरलेस सेटमध्ये जातो. वर्क्स मॅनेजर स्वतः पूर्वी फौजेत होते. फुटलेला व्हॉल्व्ह त्यांना जणू शत्रूने फोडल्यासारखा वाटतो. त्यांनी बैठक बोलावली, खात्यात एक चक्कर मारली आणि कारण शोधून काढलं. त्यांना चक्कर मारायला जेवढा वेळ लागला, तेवढ्याच वेळात.

बांगड्या.

“एवढ्या मुली. प्रत्येकीच्या हातात डझनभर काचेच्या बांगड्या. काचेवर काच आपटणार नाही तर काय होईल?”

नोटीस लागली. सीलिंग खात्यात बांगड्या घालून येऊ नये. काहींनी उतरवल्या. काहींनी घरून निघताना घातल्या आणि गेटपाशी काढून डब्यात ठेवल्या. कावेरक्काने काढल्या नाहीत. सातव्या महिन्यात आई येऊन लेकीच्या हातात हिरव्या बांगड्या भरते आणि त्या बाळंत होईपर्यंत उतरवत नाहीत, हे आमच्या शहरात कानडी, मराठी, तेलुगू सगळ्यांना ठाऊक आहे. मॅनेजरसाहेबांना ठाऊक नव्हतं, किंवा असून नसल्यासारखं होतं.

उगादीच्या दुसऱ्या दिवशी ते तिच्या मशीनपाशी येऊन उभे राहिले. मी ट्रे न्यायला आले होते, म्हणून सगळं ऐकलं.

“ऑर्डर वाचली?”

“वाचली, सार.”

“मग हे काय?”

“आईनं भरल्यात, सार. बाळंतपणानंतर उतरतील.”

“आत्ता उतरव.”

“आत्ता उतरवायच्या तर बाळंतपण पण आत्ताच करावं लागेल, सार.”

खात्यात हसू फुटलं. तिथेच तिचं चुकलं असं नंतर फोरमन म्हणाला. मी म्हणते, तिथेच तिचं बरोबर आलं. पण चहाच्या घंटेआधी तिच्या हातात कागद पडला आणि ती गेटबाहेर. चौकशीत दोषी ठरली तर नोकरी जाणार, आणि नोकरी गेली की बाळंतपणाची रजा, दवाखाना, सगळं गेलं. नवरा कधी मोटार-गॅरेजमध्ये, कधी घरी. घर तिच्यावर चालतं.

मी मॅनेजरच्या खोलीत गेले. मला कुणी बोलावलं नव्हतं. बोलणं इंग्रजीत झालं, मी मराठीत देते.

“सर, फिलोमिनाच्या हातात घड्याळाशिवाय काही नसतं. तिचेही व्हॉल्व्ह फुटतात.”

“ती शिंदेच्या शेजारी बसते. ट्रे शेजारी शेजारी असतात.”

“म्हणजे बांगड्या लांबूनही फोडतात?”

“मिस राव, तुम्ही इन्स्पेक्शनला आहात. युनियन बाहेर ठेवून आत येत चला.”

“बाहेरच ठेवली आहे, सर. गेटवर उभी आहे.”

ते खरंच होतं. दुपारच्या सुट्टीत सगळ्या खात्यातल्या बायका गेटवर जमल्या होत्या. मी तिथेच बसून पत्रक लिहिलं. शीर्षकच असं होतं की इथे देता येणार नाही. आणि ते घेऊन मी सरळ गेले सेतुराम सरांकडे.

सेतुराम सर म्हणजे काचेच्या कामाचे इंजिनिअर. टनेल त्यांनीच बसवलेलं. कुंभकोणमचे. उंच, वाळके, पाऊस असो नसो, हातात छत्री. कुणाशी बोलत नसत. ऑफिसरांच्या कँटीनमध्येही एकटे जेवत. आम्ही त्यांना शिष्ट समजत होतो. माझा राग वेगळाच होता. बांगड्यांची बैठक झाली तेव्हा हा माणूस तिथे होता. काच निववण्याबद्दल अख्ख्या कारखान्यात याला सगळ्यांत जास्त कळतं. आणि हा तोंड मिटून बसला होता.

“तुम्ही बोलला का नाहीत?” मी दारातूनच विचारलं.

“मला माहीत नव्हतं.”

“काय माहीत नव्हतं?”

“कारण. कारण माहीत नसताना मला बोलता येत नाही.”

“मॅनेजरना येतं.”

“ते मॅनेजर आहेत,” ते म्हणाले. चेष्टा केली की काय, ते चेहऱ्यावरून समजेना.

मी पत्रक टेबलावर आपटलं. त्यांनी पूर्ण वाचलं. शिव्यासुद्धा. मग एका वाक्यावर बोट ठेवलं. “इथे तुम्ही लिहिलंय, ‘दोष नक्कीच यंत्राचा आहे.’ नक्की माहीत आहे?”

“बांगड्यांचा नाही हे नक्की.”

“तो अर्धा भाग झाला. स्ट्रेन बघता ना तुम्ही? काय दिसतं?”

स्ट्रेन बघायचं आमच्याकडे एक साधं यंत्र आहे. एक दिवा आणि दोन काळसर पडदे. पडद्यांच्या मध्ये व्हॉल्व्ह धरायचा. काच शांत असेल तर काळोख तसाच राहतो. काचेत ओढाताण असेल तर जोडापाशी रंग उमटतात, डबक्यात पेट्रोल सांडल्यावर दिसतात तसे. रोज एक सॅम्पल ट्रे त्यात बघायचा, हा नियम. मी रोज बघत होते. रोज काळोख.

“काही नाही दिसत,” मी म्हटलं.

“सॅम्पल केव्हाचा घेता?”

“पाळीचा पहिला ट्रे.”

“का?”

“का म्हणजे? पहिल्यापासून तसंच आहे.” कारखाना उभारायला परदेशातून जो एक्स्पर्ट आला होता, त्याने तसं घालून दिलं होतं. सकाळी पहिला ट्रे, लॅबमध्ये आणायचा, बघायचा, सही करायची, मोकळं व्हायचं. तो गेला, नियम राहिला.

“दुपारचा कधी बघितलात?”

“नाही.”

“मीही नाही,” ते म्हणाले, आणि छत्री तिथेच ठेवून उठले.

दुपारचा ट्रे मी स्वतः आणला. पहिलाच व्हॉल्व्ह पडद्यांत धरला. जांभळं, पिवळं, हिरवं. जोडाभोवती नुसती रंगपंचमी. दुसरा, तोच रंग. तिसरा, तोच. सकाळच्या ट्रेमधला एक उरला होता, तो धरला. काळोख.

म्हणजे दुपारी काहीतरी होत होतं जे सकाळी होत नव्हतं. आता विचार करा, बेंगळूरची सकाळ. एप्रिलमध्येसुद्धा बायका पहिल्या पाळीला स्वेटर घालून येतात. कोण पंखा लावणार? दहा-साडेदहा झाले की पत्र्याखाली ज्वाळांची धग जमते आणि मग खात्यातले उभे पंखे सुरू होतात.

सेतुराम सर सीलिंगला गेले. मी मागोमाग. दोन नंबरच्या मशीनवर देवीचा फोटो चिकटवलेला आहे, त्यासमोर रोज उदबत्ती असते. “ती घेऊ का?” त्यांनी विचारलं.

फिलोमिना म्हणाली, “घ्या की, सार. पण नवस बोलायचा तर चप्पल काढून.”

ते हसले नाहीत. उदबत्ती घेऊन मशीन आणि टनेल यांच्या मधल्या हातभर जागेवर धरली, अगदी साखळीच्या वर. धूर वर गेलाच नाही. आडवा झाला आणि तापलेल्या व्हॉल्व्हवरून सपाट वाहत गेला. त्यांनी पंखा बंद करायला लावला. धूर सरळ वर. पुन्हा लावला. आडवा.

काच लालबुंद होऊन बाहेर येत होती आणि टनेलच्या उबेत शिरायच्या आत तिला वारा लागत होता. वरची साल तेवढ्यात घट्ट. बाकीचं तुम्हाला आता माहीत आहे.

ते पंखे आम्ही भांडून मिळवले होते. मागच्या उन्हाळ्यात दोन मुली चक्कर येऊन पडल्या होत्या, तेव्हा. आता मॅनेजर म्हणणार, पंखे बंद. बांगड्या गेल्या, पंखेही गेले.

पण मागच्या उन्हाळ्यात पंखे होते आणि व्हॉल्व्ह फुटत नव्हते. मी तसं म्हटलं.

“बरोबर,” सेतुराम सर म्हणाले. ते त्या मोकळ्या जागेकडे बघत होते. “तेव्हा इथे झाकण होतं.”

होतं खरं. पत्र्याचं, अर्धगोल, मशीनपासून टनेलच्या तोंडापर्यंत. सगळ्यांनी बघितलेलं. त्याच्याखाली व्हॉल्व्ह अडकत, साखळी थांबे, मग झाकण खोलून मोकळं करायचं. थंडीत ते काढून टाकलं, तेव्हा काम पटापट व्हायला लागलं. डिसेंबरात पंखे बंद, हवा स्थिर. काही बिघडलं नाही. सॅम्पल घेतला होता. अर्थात सकाळचा.

“कुणी काढायला सांगितलं होतं?” मी विचारलं.

“मी,” ते म्हणाले. बसचा नंबर सांगावा तसं.

फोरमन डेव्हिड तिथेच होता. भला माणूस. त्याने आवाज खाली आणला. “सार, झाकण मागे स्क्रॅपमध्ये पडलंय. शनिवारी मेंटेनन्सला बसवून टाकतो. सोमवारपासून फुटणं बंद. कुणाला काही कळायचं नाही.”

सेतुराम सरांनी विचारलं, “आणि सोमवारी मॅनेजर काय म्हणतील?”

उत्तर मी दिलं. “म्हणतील, बघा, बांगड्या काढायला लावल्या आणि फुटणं थांबलं.”

“तेच. मग ती बाई कायमची दोषी. आणि आपण सगळे रिटायर झालो तरी या खात्यात बांगड्यांना बंदी राहील. चुकीच्या रीतीने उत्तर बरोबर आलं की ते गणित कुणी तपासत नाही.” मग डेव्हिडला म्हणाले, “झाकण बसवायचं नाही. मी सांगेपर्यंत हात लावू नको.”

मी पत्रकं लिहिते. अन्याय करणारे, अन्याय बघणारे, अन्याय झाल्यावर चहा पीत बसणारे, असे ऑफिसर मला पाठ आहेत. आपली चूक झाकायला हातात झाकण असताना ते बाजूला ठेवणारा ऑफिसर मी पहिल्यांदा पाहिला. त्या दुपारी मी पत्रक फाडलं. पुढच्याचा विषय बदलला होता.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं मॅनेजरच्या खोलीत.

“पंखे बंद करा,” मॅनेजर म्हणाले. ठरलेलंच.

“नाही, सर. पंखे राहतील. मागच्या वर्षी पंखे होते, माल चांगला होता. मला ट्रायल हवी आहे. खात्यात, सगळ्यांसमोर, पंखे पूर्ण चालू असताना. आणि मिसेस शिंदे मशीनवर हव्यात.”

“ती सस्पेंड आहे!”

“आरोप तिच्या हातांवर आहे, सर. तो तिच्या हातांनीच उतरला पाहिजे.”

मॅनेजर माझ्याकडे वळले. “हे तुम्ही शिकवलंत यांना?”

“नाही सर,” मी म्हटलं. “मला वाटतं आज मीच शिकतेय.”

फौजेच्या मालाची तारीख जवळ आली नसती तर त्यांनी नाहीच म्हटलं असतं. तारीख जवळ आली होती. हो म्हणाले.

कावेरक्का गेटपास घेऊन आत आली. हिरव्या बांगड्या होत्याच, त्यांच्यावर आणखी भरून आली होती. जवळजवळ कोपरापर्यंत. चालताना सगळ्या खात्याला ऐकू जात होतं.

“काय गं, बळेपेटेत बांगड्यांचं दुकान टाकलंस?” फिलोमिना.

“टाकलं. तू ये, तुला फुकट भरते.”

ट्रायल अशी होती. व्हॉल्व्ह टनेलमधून बाहेर आले की वाट बघत बसायची नाही. आधी उकळत्या पाण्यात, मग लगेच थंड पाण्यात. काच शांत असेल तर हा धक्का सोसते. आत ओढाताण असेल तर तिथल्या तिथे तडकते. उकळत्या पाण्याचं पातेलं कँटीनमधून आलं, थंड पाण्याची बादली नळाखालून.

पहिल्या ट्रेला सेतुराम सर स्वतः मशीनवर बसले. झाकण नाही, पंखे चालू. बाह्या दुमडलेल्या. काम सोपं नाही हे त्यांना ताबडतोब कळलं. पहिली चकती तिरकी बसली, दुसरी हातातून निसटली.

“सार, घड्याळ काढा,” फिलोमिना म्हणाली. “ऑर्डर आहे.”

त्यांनी गंभीरपणे घड्याळ काढून खिशात ठेवलं. बायका तोंडाला पदर लावून हसल्या. मॅनेजर हसले नाहीत.

सरांचे व्हॉल्व्ह टनेलमधून आले. उकळतं पाणी. थंड पाणी. टच्. टच्. टच्. बादलीत जणू कुणी फुटाणे भाजत होतं.

मग कावेरक्का बसली. अजून झाकण नाही. तिचा हात बघण्यासारखा आहे. बांगड्या किणकिणत होत्या पण काचेला एकही लागली नाही. तिचेही व्हॉल्व्ह फुटले, जवळजवळ सगळे.

“बघा!” मॅनेजर म्हणाले.

“सरांचेही फुटले,” मी म्हटलं. “त्यांच्या हातात काय होतं?”

आता सेतुराम सरांनी डेव्हिडला खूण केली. त्याने स्क्रॅपमधून आणून पुसून ठेवलेलं झाकण स्क्रूने बसवलं. पंखे तसेच. बाई तीच, मशीन तेच, बांगड्या त्याच. फक्त हातभर पत्रा.

टनेल सावकाश चालतं. त्याला कुणाच्या नोकरीची घाई नसते. कावेरक्का स्टुलावर पाठीला हात लावून बसून होती. व्हॉल्व्ह बाहेर आले. डेव्हिडने जाळीत घेऊन उकळत्या पाण्यात सोडले, काढले, बादलीत सोडले.

काही आवाज नाही.

सेतुराम सरांनी एक उचलला, उजेडाकडे धरला, परत बुडवला. दुसरा. सगळे शांत. मॅनेजरनी स्वतः जाळी घेतली आणि पुन्हा उकळत्यातून थंडात टाकली. काही नाही.

“अजून बुडवा, सार,” कावेरक्का म्हणाली. “मला कुठे जायचंय? मी सस्पेंड आहे.”

मॅनेजरनी जाळी खाली ठेवली. “हे झाकण कुणी काढलं होतं?”

डेव्हिडने तोंड उघडलं होतं. तो नक्की म्हणणार होता की आठवत नाही. त्याच्या आधी सेतुराम सर बोलले. “मी काढायला लावलं, सर. डिसेंबरमध्ये. दुपारचा सॅम्पल बघायला हवा होता, बघितला नाही. बाईंचा काही दोष नाही.”

“सगळ्यांसमोर काय बोलताय, कळतंय ना?”

“हो सर. यांच्यावर आरोप सगळ्यांसमोरच झाला होता.”

मग ते कावेरक्काकडे वळले आणि मोडक्या कानडीत म्हणाले, चूक माझी होती, त्रास तुम्हाला झाला. ती गोंधळून उभी राहिली. आम्ही साहेबांसाठी उभं राहतो, पण या वेळी ती का उभी राहिली हे तिलाही सांगता आलं नसतं. मला आलं असतं.

पुढचं थोडक्यात. कावेरक्का पुढच्या सोमवारी कामावर आली, आरोप रद्द, रजा शाबूत. नोटीस उतरली. पंखे आहेत. सेतुराम सरांनी झाकण नवं करून घेतलं, बिजागरीचं, वर काचेची खिडकी असलेलं. व्हॉल्व्ह अडकला की दिसतो, झाकण उचलून सोडवता येतो, काढून ठेवायची गरज नाही. सॅम्पल आता दुपारीही घेतो. यातून कारखान्याने काय शिकावं, ते एका ओळीचं आहे: सॅम्पल अडचणीच्या वेळी घ्यावा. सोयीच्या वेळी सगळंच चांगलं निघतं.

महिन्याभरात सेतुराम सरांची बदली झाली. स्टोअर्सला. ‘प्रशासकीय कारणास्तव.’ ज्याने अख्खं टनेल उभं केलं तो माणूस आज खिळे आणि खोकी मोजतोय. काचेचं काम आता ज्यांच्याकडे आहे ते बैठकीत अजिबात बोलत नाहीत. त्यांना कारण माहीत असलं तरी.

मी युनियनच्या कमिटीत म्हटलं, पत्रक काढू या. तर केवढा गोंधळ. “ऑफिसरसाठी पत्रक? उद्या मॅनेजरच्या वाढदिवसाला लिहिशील.” मी म्हटलं, मॅनेजरनी चूक कबूल केली तर वाढदिवसाला काय, बारशालाही लिहीन. शेवटी ठराव झाला, सीलिंगच्या बायकांच्या मतांवर. पत्रक छापायला जाणार एवढ्यात सेतुराम सर इन्स्पेक्शनच्या खिडकीशी आले.

“माझ्याबद्दल छापू नका,” ते म्हणाले. “झाकणाबद्दल छापा. दुसऱ्या कारखान्यांतही टनेल असतील.”

म्हणून आमच्या पत्रकात झाकणाबद्दल आहे. त्यांचा शब्द मी तिथे पाळला. इथे पाळत नाही.

तुम्ही वाचणारे बरेचजण कुठे ना कुठे साहेब आहात, नसलात तर व्हाल. बँकेत, शाळेत, रेल्वेत, गिरणीत. एक दिवस कुणीतरी तुमच्या टेबलासमोर येऊन उभा राहील, कुणी पकडलेलं नसताना, आणि म्हणेल, चूक माझी आहे, त्या दुसऱ्याला सोडा. त्या दिवशी तुम्ही एवढं करा. त्याला बसायला खुर्ची द्या. शेवटपर्यंत ऐका. दुसऱ्याला सोडा. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी या माणसाला त्याच्याच खात्यात, त्याच्याच कामावर पाठवा. स्टोअर्सला नाही.